डाव्या पायाचा आकडा

सागावातल्या गायकर निवासच्या गच्चीवर पत्र्याची एक शेड आहे. खाली दुकानं, वर चार मजले भाडेकरू आणि सगळ्यांच्या डोक्यावर मालक, दौलत गायकर. बापाने जिथे भात लावला तिथे मुलाने बिल्डिंग लावली. मग हाताला काम उरलं नाही, आणि रिकाम्या माणसाला काहीतरी खूळ लागतंच. दौलतला सायकलचं लागलं. खूळ चांगलं होतं, नाही कोण म्हणतो? एक्कावन्नाव्या वर्षी पोट सपाट असलेला दुसरा बिल्डिंगमालक अख्ख्या मानपाडा रोडला सापडला नसता. पण त्या खुळापायी त्याने आठ वर्षं लोकांची जी सालं काढली, त्याला तोड नाही.

शेडमध्ये स्टँडवर कायमची बसवलेली एक रेसिंग सायकल होती. मागचं चाक गरगर फिरायचं, सायकल जागची हलायची नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सहाला तिच्यावर परीक्षा. वीस मिनिटं जीव तोडून पॅडल मारायचं. पायाने किती जोर लावला ते समोरच्या टॅबवर वॅटमध्ये दिसायचं. वीस मिनिटांची सरासरी काढायची, तासभर तेवढा दम कोणाचाच टिकत नाही म्हणून तिच्यातून शंभरामागे पाच कापायचे आणि उरलेल्याला अंगाच्या वजनाने भागायचं. येईल ते उत्तर म्हणजे तुमची लायकी. 'लायकी' हा शब्द दौलतचा.

खरं तर हा आकडा ज्याचा त्याने स्वतःसाठी काढायचा असतो. आज किती जोर लावावा, कधी आराम करावा, गेल्या महिन्यापेक्षा आपण पुढे आहोत की मागे, एवढंच त्यातून बघायचं. दौलतने त्याची छडी केली. भिंतीवर काळा फळा, फळ्यावर सगळ्यांची नावं आणि आकडे, आणि तीनच्या आकड्याशी तांबडी रेघ. ज्याचा आकडा रेघेखाली गेला त्याने सगळ्यांसमोर फळ्यापाशी जायचं आणि आपलं नाव आपल्याच हाताने पुसायचं. दुसऱ्याचं लिहिलेलं दुसऱ्याने पुसायचं नाही, हा शेडचा कायदा. एकदा एका गृहस्थांना नाव पुसताना रडू आलं आणि त्यांनी तेच फडकं डोळ्यांना लावलं. दौलत म्हणाला, "फडकं फळ्याचं आहे, डोळ्यांना स्वतःचा रुमाल आणा." ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. कशाला येतील?

नोव्हेंबरच्या परीक्षेला दौलत सोडून आठ जण होते. त्या वर्षी परीक्षेला वजन होतं, कारण जानेवारीत शहापूरला चौघांच्या संघाची शर्यत होती. डोंबिवलीचा संघ दौलत नेणार आणि रेघेच्या वरचे पहिले चार जाणार, हे ठरलेलं होतं. फळ्यावर वरून सम्यक, मग दौलत स्वतः, मग माजिवड्याला टाइल्सचं दुकान असलेला राकेश आणि चौथा हवालदार सीताराम. पाचवी परीक्षेला बसली ती वैशाली उबाळे.

वैशाली तेहतीस वर्षांची, राहायची टिटवाळ्याला. नोकरी वजनमापे खात्यात, निरीक्षक म्हणून. भाजीवाल्याच्या तराजूपासून पेट्रोल पंपाच्या मशीनपर्यंत काटे तपासायचे, बरोबर असला तर शिक्का मारायचा, नसला तर जप्त करायचा. दहा वर्षं हेच केल्यामुळे कुठलाही आकडा दिसला की तो दाखवणाऱ्या यंत्राकडे आधी बघायची तिला खोड होती. अशी खोड असलेलं माणूस दौलतच्या शेडमध्ये यायलाच नको होतं.

"दोन पॉइंट नऊ एक," दौलतने मोठ्याने वाचलं. "मॅडम, फडकं तिकडे आहे."

वैशाली धापा टाकत खाली उतरली. घाम पुसला. फळ्याकडे न जाता ती सायकलशेजारी उकिडवी बसली आणि डाव्या पॅडलच्या दांड्यावर चिकटवलेला अंगठ्याएवढा डबा निरखून बघू लागली.

"सर, हा काटा कधी तपासलेला?"

"काटा?"

"हाच. जोर मोजतो तो. हा एकाच बाजूला आहे. उजव्या पायाचं कोण मोजतं?"

"डाव्याचं मोजून डबल करतो तो. पुस्तकात लिहिलंय तसं." दौलतने बाकीच्यांकडे बघून डोळा मारला. "माणसाचे दोन पाय सारखेच असतात, मॅडम. का तुमच्या टिटवाळ्याला वेगळे मिळतात?"

सगळे हसले. राकेश जरा जास्तच हसला, कारण त्याचा आकडा रेघेच्या वर होता.

वैशाली उठली. "एका पारड्याचा तराजू घेऊन कोणी बसला, तर आम्ही तो उचलून नेतो, शेठ."

सरचा शेठ झालेला दौलतच्या कानाने टिपला. "ए, तुझी इन्स्पेक्टरगिरी मार्केटात दाखव. इथे आकडा बोलतो. पूस नाव."

तिने पुसलं. मग तिने खडू उचलला आणि फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं: पडताळणी बाकी. खाली तारीख घातली, खाली सही केली, खडू जागेवर ठेवला आणि बूट घालून निघून गेली.

दौलतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो फडकं घेऊन कोपऱ्यापर्यंत गेलासुद्धा. सात माणसं बघत होती. दुसऱ्याचं लिहिलेलं दुसऱ्याने पुसायचं नाही. त्याने फडकं भिरकावलं आणि तिला शेडबंदी केली. पण कोपऱ्यातली अक्षरं राहिली.

आता एवढ्या साध्या प्रश्नाने त्याला एवढं झोंबायचं कारण काय, ते सांगतो. नऊ वर्षांपूर्वी शीळ रोडला डंपरने त्याची स्कूटर उडवली होती. उजव्या गुडघ्याचा चुरा झाला. दोन ऑपरेशनं झाली आणि डॉक्टर म्हणाले, चालण्यापुरता पाय मिळाला यात समाधान माना, सायकल विसरा. दौलत विसरला नाही. वर्षभरात तो पुन्हा सायकलवर बसला आणि त्याच वर्षी त्याने हा मीटर घेतला. पहिला आकडा एकशे ऐंशी वॅट. पुढच्या वर्षी दोनशे पाच. मग दोनशे तीस. आता दोनशे बासष्ट, वजन एकाहत्तर, म्हणजे किलोमागे तीन पॉइंट सातला टेकलेला. दरवर्षी आकडा चढला की दौलत मनातल्या मनात त्या डॉक्टरची गचांडी धरायचा. बघ, पाय भरला की नाही? बघ! बाकीच्यांसाठी तो आकडा दमाचा होता. दौलतसाठी तो उजव्या पायाचा दाखला होता. आणि तरीही हा माणूस भर मे महिन्यात पायघोळ तुमान घालून सायकल चालवायचा. मांडी कोणाला दिसू द्यायची नाही. आपल्याच दाखल्यावर त्याचा केवढा विश्वास होता, ते यावरून समजा.

शेडमध्ये बंदी घातली, तरी रस्ता काही गायकरांच्या सातबाऱ्यावर नव्हता. रविवारी दौलत आपली मंडळी घेऊन कल्याणवरून खडवलीला निघाला की टिटवाळ्याच्या फाट्यावर वैशाली उभीच. कोणाला हाक नाही, राम राम नाही. मागे लागायची आणि खडवलीच्या अलीकडच्या चढावर सगळ्यांच्या उजवीकडून निघून जायची. वर जाऊन थांबायची. दौलत वर येऊन नजरेला पडला की पुन्हा पॅडलवर पाय ठेवून निघायची. हे तीन रविवार चाललं.

तिसऱ्या रविवारी दौलतने तिला वर गाठलंच. "टेम्पोच्या आडोशाला लपून येतेस. वारा लागत नाही, म्हणून पुढे जातेस. लाज वाटत नाही?"

"टेम्पो कुठाय, शेठ?" तिने मागचा मोकळा रस्ता दाखवला. "आणि आडोसा तुमचा घेतला असता, पण तुमच्या मागे राहायचं तर मला ब्रेक मारायला लागतात."

"दोन पॉइंट नऊची बाई मला शिकवणार?"

"दोन पॉइंट नऊची बाई तुमच्या आधी वर पोचली. मग एक तर चढ खोटा, नाहीतर तुमचा डबा खोटा. चढाला मी शिक्का मारून देते."

सम्यकने तोंड फिरवून हसू गिळलं. दौलतने ते पाहिलं. परतीच्या वाटेवर कल्याणच्या पुलावर तो एका रिक्षावाल्याशी उगाच भांडला.

डिसेंबर लागला आणि राकेशने नवीन पॅडल आणलं. या राकेशला बाजारात आलेली प्रत्येक वस्तू लागायची. पायाला दम नसला तरी सायकलीला दागिने भरपूर. हे पॅडल दोन्ही पायांचा जोर वेगवेगळा मोजायचं. त्याने ते हौसेने शेडमधल्या सायकलला लावलं, टॅबवर आपल्या नावाचं खातं उघडलं, दहा मिनिटं चालवून दाखवलं. डावा एकोणपन्नास टक्के, उजवा एक्कावन्न.

"शेठ, एकदा सगळ्यांचं यावर घेऊया ना. त्या बाईचं तोंडपण बंद होईल."

"ठेव इथे. बघतो," दौलत म्हणाला.

बघतो म्हणजे काय, तर मंगळवारी दुपारी दोनला, भाडेकरू जेवून लवंडलेले असताना, दौलत एकटा शेडमध्ये शिरला आणि त्याने आतून कडी घातली. मनात काही काळंबेरं नव्हतं. उलट छाती फुगलेली होती. दोन्ही पाय मोजून आकडा घ्यायचा, त्या बाईच्या नाकावर टिच्चून फळ्यावर लिहायचा आणि कोपऱ्यातली ती अक्षरं तिलाच पुसायला लावायची, असा बेत होता. टॅबवर कोणाचं खातं उघडं आहे, हे बघायला त्याला सुचलंही नाही.

वीस मिनिटं त्याने जीव काढला. शेवटच्या मिनिटाला डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग टॅब उचलला.

सरासरी दोनशे चोवीस. डावा बासष्ट टक्के. उजवा अडतीस.

त्याने पाच कापले, वजनाने भागलं. दोन पॉइंट नव्याण्णव. पुन्हा भागलं. गणित काही गायकरांचं ऐकेना.

पॅडल खराब असणार. त्याने ते काढलं, पुन्हा घट्ट बसवलं, पुस्तकात लिहिलंय तसं शून्यावर आणलं. बुधवारी दुपारी पुन्हा परीक्षा. दोन पॉइंट चौऱ्याण्णव. डावा त्रेसष्ट.

दौलत तिथेच जमिनीवर बसला. तुमान वर ओढली. नऊ वर्षं त्याने स्वतःही ज्या मांडीकडे नीट पाहिलं नव्हतं तिच्याकडे पाहिलं. शेजारच्या मांडीहून ती चांगली चार बोटं बारीक होती. म्हणजे एकशे ऐंशीचे दोनशे बासष्ट झाले ते कुठून? डाव्याने केले. डावा एकटा राबत होता, वर्षामागून वर्ष जोर चढवत होता, आणि तो डबा मुकाट दुप्पट करून सांगत होता की उजवाही तेवढाच राबतोय. पाय भरलाच नव्हता. डॉक्टर खरं बोलला होता. दौलतला रडू आलं आणि रडू आलं म्हणून राग आला. रुमाल नव्हता, म्हणून त्याने डोळ्यांना फडकं लावलं. फळ्याचंच.

दार वाजलं. बाहेर मंजुळा, त्याची बायको. गच्चीवर सुकट वाळत घातली होती ती उचलायला आलेली. त्याने कडी काढली. वर ओढलेली तुमान खाली करायचं राहून गेलं होतं. तिने पायाकडे पाहिलं.

"या पायात जोरच नाय," तो म्हणाला. "तुला सांगतो मंजुळा, जोरच नाय."

"मना ठाव हाय."

"कसं?"

"नऊ वरसां चपला मीच आनते नं तुमच्या? दर टायमाला डावीच झिजते. उजवी तशीच नवी ऱ्हाते."

"मग बोललीस का नाय?"

"तुमचा आकरा वाढत व्हता नं," मंजुळा म्हणाली, आणि सुकटीचं सूप कमरेला लावून खाली गेली.

इथे एखादा शहाणा माणूस गप्प बसून फळ्यापाशी गेला असता. दौलतने राकेशला फोन लावला. "तुझी पॅडलं भंगार आहेत. काहीही दाखवतात. फसवलं तुला दुकानदाराने, परत कर." राकेशने होय होय म्हटलं आणि संध्याकाळी पॅडल घेऊन गेला. दौलतने जुना डबा पुन्हा शून्यावर आणला, तीन पॉइंट सातचा आकडा फळ्यावर जागच्या जागी होता, त्याला हात लावला नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, या म्हणीत बसणारा माणूस शोधायचा तर सागावाबाहेर जायला नको.

शर्यतीच्या आधीच्या शेवटच्या परीक्षेचा रविवार उजाडला. त्या दिवशी नाव पुसलेल्यालाही पुन्हा परीक्षेला बसता येतं, असा दौलतचाच एक कायदा होता. सहा वाजता जिन्यावर पावलं वाजली. पुढे वैशाली, मागे राकेश, सीताराम आणि सम्यक. चौघं एकदम आलेली बघून दौलत दारातच आडवा उभा राहिला.

"तुला इथे बंदी आहे," तो म्हणाला.

"शेवटच्या परीक्षेला नाही. कायदा तुमचा."

राकेशने पिशवीतून पॅडल काढलं. "शेठ, दुकानात तपासून आणलं. एकदम ओके आहे. आज सगळे यावरच बसूया."

"माझ्या शेडमध्ये माझा मीटर लागणार."

"लागेल ना. दोन्ही लावू. तुमचा पण, माझा पण," राकेश म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच दुकानदार बोलत होता. गिऱ्हाईक कुठे अडलंय हे कळलेला.

तेवढ्यात सम्यकने पॅडल बसवलंसुद्धा. एकेक जण बसला. सम्यक, राकेश, सीताराम, तिघांचे आकडे दोन्ही मीटरवर जवळपास तेच. मग वैशाली. वीस मिनिटं तिने टॅबकडे एकदाही पाहिलं नाही, फळ्याच्या कोपऱ्याकडे बघत पॅडल मारत राहिली. मग खाली उतरली. दौलतच्या डब्यावर तिचा आकडा पुन्हा दोन पॉइंट नऊ. राकेशच्या पॅडलवर डावा शेहेचाळीस, उजवा चोपन्न आणि किलोमागे तीन पॉइंट सोळा.

"उजवा पाय जड आहे माझा," ती धापा टाकत म्हणाली. "असतो कोणाकोणाचा. दोन महिने तुम्ही मला अर्धीच मोजत होता, शेठ." तिने खडू घेतला आणि रेघेच्या वर आपलं नाव लिहिलं. आता रेघेच्या वर पाच नावं झाली आणि शहापूरला जागा चारच.

"तुमची पडताळणी?" ती म्हणाली.

"माझी झालेली आहे. तीन पॉइंट सात. फळ्यावर आहे."

"ती डाव्याची. पुरी कधी झाली ते मी सांगते." तिने खिशातून मोबाईल काढला आणि पंचनामा वाचावा तसं वाचू लागली. "मंगळवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं, वीस मिनिटं, दोनशे चोवीस वॅट, डावा बासष्ट, उजवा अडतीस. बुधवार, दुपारी दोन वाजून पाच..."

"कोणाचं आहे हे?"

"नाव राकेशचं आहे," राकेश म्हणाला. "टॅबवर माझं खातं चालू होतं ना. तुम्ही मारलंत ते माझ्या नावाने नेटवर सगळ्यांना दिसलं. ठाण्यातल्या अर्ध्या सायकलवाल्यांनी मला विचारलं, पाय मोडला का रे? मी तर तेव्हा दुकानात होतो. आणि शेडची किल्ली एकाच्याच खिशात असते, शेठ."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, शिव्या तरी देता आल्या असत्या. सीताराम पायाच्या बोटाने जमीन उकरत होता. वैशालीने फळ्याच्या खिळ्यावरचं फडकं काढलं आणि दौलतपुढे धरलं. तिच्या डोळ्यांत दया नावाला नव्हती. आठ वर्षांत ज्यांनी ज्यांनी इथे नाव पुसलं, त्यांच्यातल्या एकालाही दौलतने दया दाखवली नव्हती, मग तिने कुठून आणायची?

"पुसा," ती म्हणाली.

दौलतने फडक्याकडे पाहिलं, मग एकेकाच्या तोंडाकडे. "शेड माझी," तो ओरडला. "फळा माझा, सायकल माझी, बिल्डिंग माझ्या बापाच्या जमिनीवर! चला, उतरा. उतरा खाली सगळे! तीन तीन वॅटचे भिकारी, मी नसतो तर तुम्हाला पॅडल कुठल्या बाजूला असतं ते कळलं नसतं!"

ते उतरले. भांडलेसुद्धा नाहीत. राकेशने आपलं पॅडल काढून घेतलं, एवढंच. शेवटी निघाली वैशाली. फडकं तिने घडी करून सायकलच्या सीटवर ठेवलं. दौलतने शेडला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

पंधरा दिवस तो मंजुळावर तिखटापासून मिठापर्यंत सगळ्यावरून डाफरला. भाडेकरूंच्या पोरांना जिन्यात खेळू दिलं नाही. चौघं रोज सकाळी बिल्डिंगखालून सराव करत जायची. वैशाली पुढे, बाकीचे मागे. ती एकदाही वर बघायची नाही आणि दौलत खिडकीतून हलायचा नाही.

शर्यतीच्या दिवशी पहाटे संघ शहापूरला गेला. दौलतला हे कोणी कळवलं नाही, पण तारीख त्याला पाठ होती. साडेसातला ऊन गच्चीच्या कठड्यावर आलं तेव्हा त्याने कुलूप काढलं. फळा होता तसाच होता. वरून दुसरं नाव त्याचं, पुढे तीन पॉइंट सात. सीटवर फडक्याची घडी.

त्याने घडी उलगडली आणि आपलं नाव पुसलं. बघायला कोणी नव्हतं. कायद्यात बघणाऱ्यांचं काही नव्हतंही, फक्त हात स्वतःचा हवा होता. कोपऱ्यातली 'पडताळणी बाकी' ही अक्षरं त्याची नव्हती, म्हणून त्याने ती राहू दिली.

मग त्याने तुमान उतरवली. आत गुडघ्यापर्यंतची चड्डी होती, नऊ वर्षांत पहिल्यांदा घातलेली. गुडघ्यावरचे दोन्ही व्रण उघडे पडले. तो सायकलवर चढला, सायकलच्या डाव्या बाजूला पॅडल लागणार नाही एवढ्या अंतरावर एक स्टूल सरकवलं आणि डावा पाय उचलून स्टुलावर ठेवला. पॅडलवर उरला एकटा उजवा.

त्याने जोर दिला. पॅडल अर्धं फिरलं आणि अडकलं. गुडघ्यात कळ उठली. पुन्हा जोर दिला, कसंबसं वरून पलीकडे नेलं. एक फेरा. मग दुसरा. दहा फेऱ्यांत मांडी थरथरू लागली. ज्याला नऊ वर्षांत कोणी काम सांगितलं नव्हतं, तो पाय पोराने पहिल्यांदा बाराखडी गिरवावी तसा वेडावाकडा फिरत होता. घाम हनुवटीवरून टपकत होता. दौलतने सवयीने टॅबकडे पाहिलं. डबा डाव्या दांड्यावर, डावा पाय स्टुलावर. उजव्याची त्या डब्याला कधीच खबर नव्हती.

मंजुळा सुकट घेऊन गच्चीवर आली. शेडचं दार उघडं बघून दारात थांबली. उघड्या पायाकडे बघितलं, स्टुलावरच्या पायाकडे बघितलं.

"किती झाला?" तिने विचारलं.

"शून्य," दौलत म्हणाला, आणि त्याने पुढचा फेरा मारला.